कुर्ट ग्योडेल

कुर्ट ग्योडेल (जन्म : ब्रनो, २८ एप्रिल १९०६; मृत्यू : प्रिन्स्टन, १४ जानेवारी १९७८) हे व्हिएन्ना येथे घडलेले आणि पुढे अमेरिकेचे नागरिक झालेले गणितज्ञ, तर्कशास्त्रज्ञ व तत्त्वचिंतक होते. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अपूर्णतेच्या प्रमेयांमुळे गणिताच्या पायाविषयीची तोवरची समजूत बदलून गेली. कोणत्याही सुसंगत व पुरेशा समर्थ गणितीय पद्धतीत सिद्धही करता येत नाहीत आणि खोडूनही काढता येत नाहीत अशी विधाने असतात, हे त्यांनी दाखवून दिले.

तत्त्वतः काय अशक्य आहे, हा त्यांच्या तारुण्यातील संशोधनाचा विषय होता. तत्त्वतः शक्य असूनही प्रत्यक्षात काय आवाक्याबाहेर राहते, या प्रश्नाकडे ते उत्तरायुष्यात वळले. २० मार्च १९५६ रोजी त्यांनी आजारी असलेल्या जॉन फॉन नॉयमन यांना पाठविलेल्या पत्रात हा दुसरा प्रश्न नेमकेपणाने मांडलेला आढळतो. संगणकशास्त्रातील ‘पी विरुद्ध एनपी’ या सुप्रसिद्ध अनिर्णित प्रश्नाची ती सर्वांत जुनी ज्ञात मांडणींपैकी एक मानली जाते.

बालपण आणि शिक्षण

ग्योडेल यांचा जन्म मोराव्हिया प्रांतातील ब्रनो या शहरात एका जर्मनभाषक कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. वडील रुडॉल्फ हे एका कापड कारखान्याचे व्यवस्थापक व भागीदार होते. आईचे नाव मारियाने. थोरले बंधू, त्यांचेही नाव रुडॉल्फ, पुढे व्हिएन्नात क्ष-किरणतज्ज्ञ झाले. लहानग्या कुर्टच्या अखंड प्रश्नांमुळे घरात त्यांना ‘श्रीयुत का’ असे टोपणनाव पडले होते.

बालपणी त्यांना संधिवाताचा ताप आला. त्यातून ते बरे झाले. परंतु काही काळाने या आजाराविषयी पुस्तकात वाचून आपले हृदय कायमचे अधू झाले आहे, अशी त्यांची समजूत झाली. वैद्यकीय तपासणीने तिला आधार मिळाला नाही, तरी ती त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. स्वतःच्या प्रकृतीविषयीची ही धास्ती आणि डॉक्टरांवरील अविश्वास यांनी त्यांची आयुष्यभर सोबत केली.

शालेय शिक्षण ब्रनोमध्येच संपवून १९२४ साली ते व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाले. आरंभी त्यांचा ओढा भौतिकशास्त्राकडे होता. फिलिप फुर्टव्हेंग्लर यांची संख्या सिद्धांतावरील व्याख्याने ऐकून ते गणिताकडे वळले. मानेखालचे शरीर लुळे पडलेले फुर्टव्हेंग्लर चाकांच्या खुर्चीत बसून शिकवीत आणि त्यांच्या वर्गात बसायला जागा मिळत नसे. प्राध्यापक हान्स हान यांच्यामुळे ग्योडेल यांचा ‘व्हिएन्ना वर्तुळ’ या तत्त्वज्ञांच्या गटात प्रवेश झाला. मोरित्स श्लिक हे या वर्तुळाचे केंद्र होते आणि रुडॉल्फ कार्नाप हे प्रमुख सदस्य. ग्योडेल बैठकांना नियमित जात, पण बहुधा ऐकण्याचेच काम करीत. गणितातील वस्तू मानवाने निर्माण केलेल्या नसून त्यांना स्वतंत्र अस्तित्व आहे, अशी त्यांची धारणा होती. वर्तुळाच्या विचारसरणीशी ती जुळणारी नव्हती.

पूर्णतेचे प्रमेय

जर्मन गणितज्ञ डाव्हीड हिल्बर्ट यांनी त्या काळी गणितापुढे एक मोठा कार्यक्रम ठेवला होता. सर्व गणित थोड्याशा स्वयंसिद्धकांवर व काटेकोर नियमांवर उभे करावे, त्यात कधीही विसंगती निपजणार नाही हे सिद्ध करावे, आणि कोणतेही विधान सिद्ध होण्याजोगे आहे की नाही हे ठरविणारी एक यांत्रिक रीत शोधावी, अशी त्यांची आकांक्षा होती. यांतील अखेरच्या मागणीला ‘निर्णयसमस्या’ असे नाव पडले.

ग्योडेल यांनी १९२९ साली लिहिलेला पीएच.डी.चा प्रबंध या कार्यक्रमाला पोषक होता. विधेय तर्कशास्त्रात जे विधान सर्व अर्थांनी सत्य आहे त्याची सिद्धता नियमांच्या साहाय्याने मिळतेच, असे त्यात सिद्ध केले होते. या निष्कर्षाला पूर्णतेचे प्रमेय म्हणतात.

अपूर्णतेची प्रमेये

सप्टेंबर १९३० मध्ये क्योनिग्सबर्ग येथे गणिताच्या पायाविषयी एक परिषद भरली होती. ७ सप्टेंबरच्या चर्चेत ग्योडेल यांनी मोजक्या शब्दांत असे सांगितले, की अंकगणितात सत्य असूनही सिद्ध करता न येणारी विधाने आपल्याला सापडली आहेत. उपस्थितांपैकी बहुतेकांना याचे महत्त्व उमगले नाही. ते लगेच ओळखणारे श्रोते होते जॉन फॉन नॉयमन. चर्चेनंतर त्यांनी ग्योडेल यांना बाजूला घेऊन तपशील विचारले. दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात हिल्बर्ट यांनी आपल्या भाषणात न सुटणारा प्रश्न गणितात नाही, हा विश्वास पुन्हा व्यक्त केला.

ग्योडेल यांच्या युक्तीचा गाभा असा. तर्कशास्त्रातील प्रत्येक चिन्हाला एक अंक द्यावा आणि चिन्हांच्या माळेला एकच संख्या द्यावी. उदाहरणार्थ, एखाद्या माळेतील चिन्हांचे अंक अनुक्रमे ३, १ आणि २ असतील, तर पहिल्या तीन मूळ संख्यांचे तेवढे घात घेऊन त्यांचा गुणाकार करावा : २ चा ३ रा घात, ३ चा १ ला घात व ५ चा २ रा घात, म्हणजे ८ × ३ × २५ = ६००. या ६०० चे अवयव पाडले की मूळ माळ जशीच्या तशी परत मिळते. अशा रीतीने विधाने आणि सिद्धता यांच्याही संख्या होतात, आणि अमुक ही तमुकाची सिद्धता आहे, हे म्हणणे दोन संख्यांमधील नाते बनते. मग अंकगणित स्वतःविषयी बोलू लागते. स्वतःची सिद्धता नाही असे सांगणारे एक विधान ग्योडेल यांनी रचले. ते सिद्ध झाले तर पद्धतीत विसंगती येते. सिद्ध झाले नाही तर ते जे सांगते ते खरे ठरते.

हे पहिले अपूर्णतेचे प्रमेय होय. दुसऱ्या प्रमेयानुसार अशी पद्धत स्वतःची सुसंगतता स्वतःच्या साधनांनी सिद्ध करू शकत नाही. फॉन नॉयमन यांनी हा दुसरा निष्कर्ष स्वतंत्रपणे काढून नोव्हेंबर १९३० मध्ये ग्योडेल यांना कळविला. तोपर्यंत ग्योडेल यांचा निबंध प्रकाशनासाठी गेलेला होता. तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. फॉन नॉयमन यांनी श्रेयाबद्दल कोणताही आग्रह धरला नाही. दोघांच्या दीर्घ स्नेहाचा आरंभ येथून झाला.

निर्णयसमस्येचा निकाल १९३६ मध्ये लागला. अलोन्झो चर्च आणि ॲलन ट्यूरिंग यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे दाखविले, की अशी सर्वसमावेशक यांत्रिक रीत असूच शकत नाही. ट्यूरिंग यांनी त्यासाठी एका काल्पनिक यंत्राची कल्पना मांडली. गणन म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या यंत्रात मिळाले, असे ग्योडेल यांचे मत झाले.

सिद्धतांची लांबी

१९३६ मध्येच ग्योडेल यांनी सिद्धतांच्या लांबीविषयी एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. ते त्या वेळी फारसे गाजले नाही; परंतु पुढील काळातील एका विद्याशाखेचे बीज त्यात होते. एका तर्कपद्धतीतून तिच्याहून वरच्या पातळीच्या पद्धतीत गेल्यास काही नवी विधाने तर सिद्ध होतातच. शिवाय जुन्या पद्धतीत आधीच सिद्ध होणाऱ्या कित्येक विधानांच्या सिद्धता कमालीच्या आखूड होतात. ही बचत दुपटीची वा शंभरपटीची नसते. गणन करता येईल असे कितीही वेगाने वाढणारे प्रमाण आधी ठरविले, तरी त्याहून अधिक बचत होणारी विधाने सापडतात.

याचा अर्थ असा, की सिद्धता आहे एवढे म्हटल्याने काम भागत नाही. ती किती लांब आहे हेही महत्त्वाचे आहे. जिची पाने मोजता मोजता आयुष्य संपेल अशी सिद्धता असून नसल्यासारखीच. साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये ‘दुःसाध्य’ असा एक विस्तीर्ण प्रदेश आहे, याची ही आरंभीची जाणीव होती.

ऑस्ट्रियातील अस्वस्थ वर्षे

१९३३ मध्ये ग्योडेल यांना व्हिएन्ना विद्यापीठात व्याख्याता म्हणून शिकविण्याचा अधिकार मिळाला. त्याच वर्षी ते प्रथमच अमेरिकेत प्रिन्स्टन येथील उच्च अध्ययन संस्थेत गेले. परत आल्यावर त्यांची मानसिक प्रकृती ढासळली आणि त्यांना आरोग्यधामात राहावे लागले. २२ जून १९३६ रोजी मोरित्स श्लिक यांची विद्यापीठाच्या जिन्यावर त्यांच्याच एका माजी विद्यार्थ्याने गोळ्या घालून हत्या केली. या घटनेचा ग्योडेल यांना मोठा धक्का बसला.

याच काळात त्यांनी संचसिद्धांतात दुसरे मोठे कार्य केले. निवडीचे स्वयंसिद्धक आणि अनंत संचांच्या आकारांविषयीचे अखंडक गृहीतक ही दोन्ही संचसिद्धांताच्या इतर स्वयंसिद्धकांशी विसंगत नाहीत, असे त्यांनी सिद्ध केले. पुढे १९६३ मध्ये पॉल कोहेन यांनी याची दुसरी बाजू सिद्ध केली आणि अखंडक गृहीतक त्या स्वयंसिद्धकांवरून ठरविताच येत नाही, हे स्पष्ट झाले.

मार्च १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला ग्योडेल यांनी आडेले निम्बुर्स्की यांच्याशी विवाह केला. आडेले त्यांच्याहून वयाने सुमारे सहा वर्षांनी मोठ्या, घटस्फोटित आणि पूर्वाश्रमीच्या नर्तकी होत्या. ग्योडेल यांच्या घरच्यांना हा संबंध पसंत नव्हता. ग्योडेल यांची प्रकृती व जीवित यांचा भार मात्र पुढील चाळीस वर्षे आडेले यांनीच वाहिला.

नव्या राजवटीत व्याख्यात्याचे जुने पद रद्द झाले. ग्योडेल ज्यू नव्हते, परंतु त्यांची ऊठबस ज्यू विद्वानांत होती, हा त्यांच्यावरील आक्षेप ठरला. एकदा रस्त्यात तरुणांच्या टोळक्याने त्यांच्यावर हल्ला केला, तेव्हा आडेले यांनी छत्रीने त्यांना पिटाळून लावले. लष्करी तपासणीत ग्योडेल सेवेस योग्य ठरविले गेले आणि देश सोडण्याखेरीज गत्यंतर उरले नाही. त्यांना अमेरिकेत आणावे यासाठी आग्रह धरणाऱ्यांत फॉन नॉयमन होते. युद्धामुळे अटलांटिकचा मार्ग धोक्याचा होता, म्हणून जानेवारी १९४० मध्ये हे दांपत्य उलट दिशेने निघाले. सोव्हिएत संघातून सैबेरियन रेल्वेने, पुढे जपानमार्गे जहाजाने प्रवास करीत ४ मार्च १९४० रोजी ते सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. ग्योडेल त्यानंतर युरोपात कधीच परतले नाहीत.

प्रिन्स्टन

प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत ग्योडेल १९४६ मध्ये कायम सदस्य आणि १९५३ मध्ये प्राध्यापक झाले. येथे त्यांचा सर्वांत जवळचा स्नेह अल्बर्ट आईनस्टाईन यांच्याशी जुळला. घर आणि संस्था यांच्या दरम्यान दोघे बोलत बोलत चालत जात, हे दृश्य गावाच्या परिचयाचे झाले होते. आईनस्टाईन यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त निघालेल्या ग्रंथाच्या निमित्ताने, १९४९ मध्ये, ग्योडेल यांनी सापेक्षता सिद्धांताच्या समीकरणांचे एक नवे उत्तर मांडले. त्यातील विश्व फिरते आहे आणि त्यात भूतकाळात जाणारा मार्ग असणे गणिताच्या दृष्टीने शक्य ठरते.

अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी १९४७ मध्ये मुलाखत होती. ग्योडेल यांनी राज्यघटनेचा इतका कसून अभ्यास केला, की तिच्यात हुकूमशाही येऊ देणारी एक तार्किक फट आपल्याला सापडली, अशी त्यांची खात्री झाली. साक्षीदार म्हणून सोबत गेलेल्या आईनस्टाईन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी त्यांना हा विषय न काढण्याबद्दल बजावले होते. तरीही विषय निघालाच. न्यायाधीशांनी तो समंजसपणे आवरता घेतला आणि नागरिकत्व मिळाले.

१९५१ मध्ये अमेरिकन गणित संस्थेच्या गिब्ज व्याख्यानात त्यांनी आपल्या प्रमेयांचा तात्त्विक अर्थ मांडला. एक तर मानवी बुद्धी कोणत्याही सान्त यंत्राहून श्रेष्ठ आहे, नाही तर माणसाला कधीच न सुटणारे गणिती प्रश्न अस्तित्वात आहेत. या दोहोंपैकी निदान एक खरे असले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्वतः त्यांचा कल पहिल्या पर्यायाकडे होता.

फॉन नॉयमन यांना पत्र

१९५५ हे वर्ष ग्योडेल यांच्यासाठी वियोगाचे ठरले. एप्रिलमध्ये आईनस्टाईन यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी फॉन नॉयमन यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. उपचारांनी त्यांना थोडा आराम पडल्याचे कानावर आल्यावर ग्योडेल यांनी २० मार्च १९५६ रोजी त्यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. आरंभी प्रकृतीची विचारपूस आणि बरे होण्याची सदिच्छा आहे. त्यानंतर, तब्येत सुधारली आहे असे गृहीत धरून, एका गणिती प्रश्नावर त्यांचे मत विचारले आहे.

प्रश्न असा होता. विधेय तर्कशास्त्रातील एखादे विधान आणि ‘न’ ही संख्या दिली असता, त्या विधानाची ‘न’ इतक्या लांबीची सिद्धता आहे की नाही, हे सांगणारे ट्यूरिंग यंत्र बनविणे अवघड नाही. तेवढ्या लांबीच्या चिन्हांच्या सर्व माळा एकामागून एक तपासल्या की झाले. परंतु उत्तम यंत्रालाही यासाठी अधिकात अधिक किती पायऱ्या लागतील? ‘न’ वाढत जाईल तसतशी पायऱ्यांची संख्या किती वेगाने वाढेल?

ही वाढ ‘न’च्या किंवा त्याच्या वर्गाच्या प्रमाणातच होत असेल, तर त्याचे परिणाम फार मोठे होतील, असे ग्योडेल यांनी पुढे मांडले. निर्णयसमस्या असाध्य ठरली असली, तरी होय किंवा नाही अशा स्वरूपाच्या प्रश्नांपुरते गणितज्ञाचे विचार करण्याचे काम यंत्राकडे सोपविता येईल; स्वयंसिद्धके निवडण्याचे काम तेवढे माणसाकडे राहील. ‘न’ पुरेसा मोठा घेऊन यंत्र चालवावे, आणि त्याला काही सापडले नाही तर त्या प्रश्नावर अधिक डोके शिणविण्यात अर्थ नाही, असे समजावे. वाढ इतकी मंद असणे ग्योडेल यांना अशक्य वाटत नव्हते. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्यासारख्या प्रश्नांत सर्व शक्यता चाळण्याच्या रीतीपेक्षा किती बचत होऊ शकते, हेही त्यांनी विचारले.

फॉन नॉयमन यांचे उत्तर उपलब्ध नाही. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. ग्योडेल यांनी हा प्रश्न स्वतःच्या कोणत्याही प्रकाशित लेखात मांडला नाही. पत्र सुमारे तीन दशके कागदपत्रांत पडून राहिले. १९८० च्या दशकात ते संगणकशास्त्रज्ञांच्या नजरेस आले आणि युरिस हार्टमानिस यांनी १९८९ मध्ये त्याकडे लक्ष वेधले.

प्रश्नाचे स्वरूप

एखादी सिद्धता समोर ठेवली असता ती बरोबर आहे की नाही हे तपासणे सोपे असते. एकेक ओळ नियमानुसार आहे का ते पाहावे लागते आणि सिद्धता दुप्पट लांब असेल तर कष्टही साधारण त्याच बेताने वाढतात. सिद्धता शोधून काढणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. भाषेत फक्त १० चिन्हे असली, तरी ५० चिन्हांच्या माळा १ वर ५० शून्ये इतक्या होतात.

वाढीचा वेग येथे निर्णायक ठरतो. ‘न’ची किंमत १०० असेल, तर ‘न’चा वर्ग केवळ १०,००० भरतो. याउलट २ चा १०० वा घात ही ३१ अंकी संख्या आहे. सेकंदाला १०० कोटी शक्यता तपासणाऱ्या यंत्रालाही तितक्या शक्यता संपविण्यास सुमारे ४० लाख कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. यंत्राचा वेग दुप्पट केला, तर तेवढ्याच वेळात ‘न’ १०० ऐवजी १०१ घेता येतो, इतकाच काय तो लाभ. म्हणूनच अशा समस्यांवर वेगवान यंत्र हा उपाय ठरत नाही. नवी रीतच सापडावी लागते.

ज्या समस्यांचे उत्तर ‘न’च्या एखाद्या ठरावीक घाताच्या प्रमाणातील पायऱ्यांत शोधता येते, त्यांच्या वर्गाला ‘पी’ म्हणतात. ज्यांचे उत्तर, कोणी हाती दिल्यास, तेवढ्या पायऱ्यांत तपासता येते, त्यांचा वर्ग ‘एनपी’. हे दोन्ही वर्ग एकच आहेत काय, असा मूळ प्रश्न आहे. ग्योडेल यांनी सिद्धतांच्या भाषेत तोच विचारला होता.

उत्तरकालीन संशोधन

ग्योडेल यांच्या पत्राची वार्ता नसतानाच इतरांनी हा प्रदेश पुन्हा शोधून काढला. १९६५ मध्ये जॅक एडमंड्स आणि ॲलन कोबहॅम यांनी कार्यक्षम रीतीची वरील कसोटी मांडली. त्याच वर्षी हार्टमानिस आणि रिचर्ड स्टर्न्स यांनी अधिक वेळ दिल्यास खरोखरच अधिक समस्या सुटतात, असे सिद्ध केले. १९७१ मध्ये स्टीफन कुक यांनी आणि १९७३ मध्ये सोव्हिएत संघातील लिओनिद लेविन यांनी दाखविले, की एनपी वर्गात काही समस्या अशा आहेत, की त्यांपैकी एक जरी कार्यक्षम रीतीने सुटली तरी सर्वच सुटतील. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये निरनिराळ्या क्षेत्रांतील अशा २१ समस्यांची यादी दिली. ग्योडेल यांच्या पत्रातील समस्याही याच प्रकारची असल्याचे पुढे सॅम्युएल बस यांनी सिद्ध केले.

काही समस्या निश्चितपणे दुःसाध्य आहेत, हे सिद्ध झालेले आहे. मोयझेश प्रेसबर्गर यांनी १९२९ मध्ये केवळ बेरजेच्या अंकगणितासाठी निर्णयाची रीत दिली होती. ग्योडेल यांची अपूर्णता तेथे लागू होत नाही. तथापि १९७४ मध्ये मायकेल फिशर आणि मायकेल राबिन यांनी सिद्ध केले, की अशा कोणत्याही रीतीला लागणारा वेळ घातावर घात चढावा इतक्या वेगाने वाढतो. म्हणजे निर्णय शक्य आहे, पण तो हाती येईलच असे नाही.

पी आणि एनपी यांच्याबाबत मात्र असा निकाल लागलेला नाही. हे दोन वर्ग भिन्न आहेत, असे बहुतेक तज्ज्ञांना वाटते. भिन्नता सिद्ध करणे म्हणजे आजवर सुचलेल्याच नव्हे, तर पुढे कधीही सुचू शकणाऱ्या प्रत्येक रीतीविषयी नकार देणे होय. अडचण नेमकी येथे आहे. ग्योडेल आणि ट्यूरिंग यांनी वापरलेली स्वतःविषयी बोलण्याची युक्ती एकटीच येथे पुरी पडणार नाही, हे १९७५ मध्ये थिओडोर बेकर, जॉन गिल आणि रॉबर्ट सोलोव्हे यांनी दाखविले. अलेक्झांडर राझबोरोव्ह आणि स्टीव्हन रुडिच यांनी १९९० च्या दशकात सिद्धतांच्या आणखी एका मोठ्या प्रकाराची मर्यादा उघड केली. क्ले गणित संस्थेने २००० मध्ये या प्रश्नाच्या उत्तरासाठी दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले.

पत्रातील मूळ संख्यांविषयीच्या प्रश्नाचा एक धागा भारतात येऊन मिळतो. १०० अंकी संख्या मूळ आहे की नाही, हे एकेका संख्येने भागून पाहायचे म्हटले, तर १ वर ५० शून्ये इतक्या संख्यांपर्यंत जावे लागेल. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ही परीक्षा अंकसंख्येच्या ठरावीक घाताच्या प्रमाणातील पायऱ्यांत नेमकी करणारी रीत जाहीर केली. संख्या मूळ नाही हे कळले, तरी तिचे अवयव शोधण्याची तशी रीत साध्या संगणकांसाठी अद्याप कोणाला ज्ञात नाही. १९७७ मध्ये रचलेल्या आरएसए या प्रसिद्ध गूढलेखन पद्धतीची सुरक्षितता याच अवघडपणावर अवलंबून आहे.

अखेरची वर्षे

साठीनंतर ग्योडेल यांचे प्रकाशित लेखन जवळजवळ थांबले. लाइब्निट्स आणि हुसर्ल यांच्या तत्त्वज्ञानात त्यांनी मन घातले. देवाच्या अस्तित्वाची एक तर्कशास्त्रीय सिद्धताही त्यांनी मांडली, पण ती प्रसिद्ध केली नाही. १९७६ मध्ये ते संस्थेतून निवृत्त झाले.

अन्नातून आपल्याला विष दिले जाईल, ही भीती त्यांना ग्रासत गेली. आडेले यांनी शिजवलेले व आधी चाखलेले अन्नच ते घेत. १९७७ च्या उत्तरार्धात आडेले यांना दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागले. जुने स्नेही मॉर्गेनस्टर्न त्याच वर्षी जुलैमध्ये निवर्तले होते. घरात एकटे राहिलेल्या ग्योडेल यांनी जेवण जवळपास सोडून दिले. आडेले घरी परतल्यावर त्यांनी डिसेंबरअखेर पतीला रुग्णालयात जाण्यास राजी केले, पण तोपर्यंत फार उशीर झाला होता. १४ जानेवारी १९७८ रोजी प्रिन्स्टन रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वजन सुमारे ३० किलोग्रॅम उरले होते. मनोविकारामुळे झालेले कुपोषण, असे मृत्यूचे कारण नोंदविले गेले. आडेले १९८१ मध्ये निवर्तल्या. दोघांचे दफन प्रिन्स्टनच्या दफनभूमीत झाले आहे. त्यांना अपत्य नव्हते.

सन्मान आणि वारसा

१९५१ मध्ये ग्योडेल यांना पहिला अल्बर्ट आईनस्टाईन पुरस्कार ज्युलियन श्विंगर यांच्यासमवेत मिळाला. १९६८ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे परदेशी सदस्य झाले आणि १९७४ च्या अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान पदकासाठी त्यांची निवड झाली. त्यांचे समग्र लेखन पाच खंडांत १९८६ ते २००३ या काळात प्रसिद्ध झाले. फॉन नॉयमन यांना लिहिलेले पत्र त्याच्या अखेरच्या खंडात समाविष्ट आहे.

सैद्धांतिक संगणकशास्त्रातील उत्कृष्ट निबंधासाठी १९९३ पासून ग्योडेल पारितोषिक दिले जाते. २००६ मध्ये ते अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांना त्यांच्या मूळ संख्यांवरील निबंधासाठी देण्यात आले, आणि २००७ मध्ये राझबोरोव्ह व रुडिच यांना. ग्योडेल यांनी पत्रात विचारलेल्या उपप्रश्नांपैकी मूळ संख्यांचा प्रश्न अशा रीतीने ४६ वर्षांनी सुटला. सिद्धता शोधण्याविषयीचा मुख्य प्रश्न अजून सुटलेला नाही.